साठ्ये सरांचा शब्द

कोळवण,
ता. ९ डिसेंबर १९६२

प्रिय लीला,

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. भाताची झोडणी चालली होती हे खरं, पण कारण ते नाही. कारण तुझे साठ्ये सर. पहिल्या पत्रात ते एकदाच डोकावले, दुसऱ्यात ठाण मांडून बसले, आणि तिसरं तर त्यांनीच सांगून लिहून घेतलंय की काय असं वाटलं. ट्रेनिंग कॉलेजात आणखी एक वर्ष राहू का, हे तू शेवटी दोन ओळींत उरकलंस. त्याआधी दोन पानं नुसती ‘सेट’ या शब्दावर. एवढासा शब्द, आणि सरांनी त्यावर अख्खा तास रंगवला म्हणे.

मीही स्वस्थ बसलो नाही. पौडच्या अलाउद्दीनभाईंच्या दुकानी गेलो. ते पलटणीत होते, इंग्रजी जाणतात. त्यांनी चहा पाजून सांगितलं, कपबश्यांचा सेट, रेडिओचा सेट, सिमेंट धरलं की सेट, मोडलेलं हाड बसवलं तरी सेट, सूर्य बुडाला तरी सेटच. मला बरं वाटलं. म्हटलं, मग सरांनी असे काय दिवे लावले? पण तू लिहिलेलं भाईंनाही ठाऊक नव्हतं. ठेवण्या-बसवण्याचा सेट इंग्रजांच्या घरचा, आणि कपबश्यांचा सेट फ्रेंचांकडून आलेला. दोन घरचे दोन शब्द एकाच नावानं नांदतात. घरी येईपर्यंत मी जळत होतो. मत्सरच तो, दुसरं गोंडस नाव कशाला देऊ? सातवी पास माणसाकडे बायकोला सांगायला असतं काय? पाटाचं पाणी आणि बैलाचा खूर.

आईनं माझं तोंड बघून ओळखलं. म्हणाली, “बाय परत येती का न्हाई, येकदा जाऊन बघून ये.”

तर आता सांगतो. गुरुवारी मी पुण्याला आलो होतो, तुला घेऊन यायलाच. शिपायानं व्हरांड्यात थांबवलं. आत तू फळ्यापाशी उभी होतीस, आणि ज्यांच्यापायी माझी झोप उडाली ते साठ्ये सर, पिकल्या केसांचे, कानामागे हात धरून ऐकत होते. जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. कारण रोपं लावणं यालाही सेटच म्हणतात असं तू सांगितलंस, आणि म्हणालीस, “आमच्या मालकांसारखी सरळ ओळ अख्ख्या कोळवणात कुणी लावत न्हाई.” वर्ग हसला, पण तू लाजली नाहीस. लग्नापासून दर आवणीला तू माझ्या शेजारी वाकून चिखलात रोपं लावलीस, पण हे कधी बोलली नाहीस. बोललीस ते सरांपाशी. मी तुला न भेटताच एसटीत बसलो. राहा आणखी एक वर्ष, आईला मी समजावतो. मात्र माझ्याबद्दल चांगलं काही सुचलं, तर ते आधी मला लिही.

तुझाच,
हैबत