पुट्टम्माचं मूठभर भात

प्रिय अप्पा,

सोमवारी पुट्टम्मा येणार आहे. तिला काय सांगू, हे तुम्हालाच विचारायचं आहे. म्हणून तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात ती तिच्या गावाहून, तलकाडहून, दोन बस बदलून इथे म्हैसूरला, बोगादीच्या आपल्या घरी आली. तुम्हाला ती अजून 'सार'च म्हणते. दारातच म्हणाली, "सारनी माझं भात ठेवलंय. एक वाफा पेरते, वास घेते, मग जाते." कुठे जाते, ते मी विचारलं नाही.

संशोधन केंद्रातून तुम्ही तिच्या गावात बुटक्या भाताचं बियाणं नेलंत, तेव्हा ती तरुण होती. जुनं भात उंच, वाऱ्यात आडवं पडायचं. आषाढात कणगी रिकामी. तिची दोन लहान भावंडं अशाच एका आषाढात गेली. नव्या बियाण्यानंतर घरात कुणी उपाशी झोपलं नाही, हे तीच सांगते.

"पण वास नाही, सार," ती तेव्हा तुम्हाला म्हणायची.

"वासाने पोट भरतं का?"

"पोट भरल्यावरच आठवतो."

गावातून जुनं भात संपलं तेव्हा शेवटची मूठ तिने तुमच्याच हातात दिली. "तुम्ही घालवलंत, तुम्हीच सांभाळा."

तुम्ही सांभाळलंत. गच्चीवर बादल्यांत दरवर्षी पेरायचात, नवं बी डब्यात भरायचात. आम्ही हसायचो. "नुसतं ठेवून टिकत नाही ते," एवढंच म्हणायचात. गावोगाव शेतकऱ्यांना समजावत फिरलात, मला का नाही समजावलंत?

तुम्ही गेल्यावर बादल्यांत मी कढीपत्ता लावला. डबा तुमच्या फोटोपाशी ठेवला, रोज फूल वाहिलं. त्यावरची चिठ्ठी वाचली होती: 'पुट्टम्माचं. परत द्यायचं.' तरी उघडला नाही. तुमच्या हाताचं होतं ना!

"आधी उगवण बघते," म्हणून मी तिला परत पाठवलं. शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवले, तुम्ही ठेवायचात तसे. आज सहावा दिवस. एकालाही मोड नाही.

तिची नातवंडं पोटभर जेवतात, हे तिला सांगू? ते तिला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आज डब्यातलं उरलेलं सगळं भिजत घातलं. फोटोपुढची जागा रिकामी आहे. काहीच उगवलं नाही, तर सोमवारी तिला खरं सांगेन, तुमचं नाव पुढे न करता. आणि एक जरी मोड आला, तरी तो जपून ठेवणार नाही. कढीपत्ता उपटून बादली मोकळी केली आहे.

तुमची,
सुधा