आधी प्राणवायूचं पाणी

११ जाने. १९७१, सोम.
सातला खाटकाकडे. बकऱ्याच्या मांडीचं मांस, बर्फात घालून थेट नगरच्या कॉलेजात. वाटलं, गाळलं, फिरवलं, मायटोकॉन्ड्रिया वेगळे केले. बाबांना सांगताना मी त्यांना स्नायूतल्या चुली म्हणते. सरांचा नियम ठरलेला, मुख्य काम आधी. म्हणून आधी प्राणवायू भरलेलं पाणी, मग आमचा चहा, मग साधं पाणी. परत तेच, प्राणवायूच्या पाण्यात चुली जोरात. सर खूश.

१७ जाने., रवि. कोल्हार.
गावी बाबांना प्राणवायूच्या पाण्याची बाटली दिली. जन्मभर टपालाची पिशवी घेऊन गावोगाव हिंडलेले पाय, आता उंबरठ्याला अडखळतात. नगरच्या दवाखान्यात चला म्हटलं तर, "तुझ्या पान्यानं लई फरक हाय. दवाखाना कशाला?" प्रयोगात सिद्ध झालंय असं मीच सांगितलं होतं. मोठी शास्त्रज्ञ लागून गेले.

२२ जाने., शुक्र.
सर रजेवर. प्राणवायूचा सिलिंडर उशिरा आला. मांस वाया जायला नको म्हणून साधं पाणी आधी घेतलं, चहानंतर प्राणवायूचं. उलटं आलं, साध्या पाण्यात चुली जोरात.

२३ जाने., शनि.
पुन्हा उलटं. मग दोन्ही एकदम लावलं. काडीचा फरक नाही. जे आधी ते ताजं, एवढंच. चहा होईतो चुली विझत आलेल्या असतात. वर्षभर आम्ही आमच्या चहाचा परिणाम मोजत होतो.
बाबांना काय सांगू

२५ जाने., सोम.
सरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा पुसला. "बाई, निबंध पुण्याला छापायला गेलासुद्धा. आता तुमचा चहा मध्ये आणू नका." निबंधावर माझं नाव नाही हेही आजच कळलं. संताप आला. मग, सुटले बाई, असंही वाटलं. त्याची लाज वाटते.

७ फेब्रु., रवि. कोल्हार.
बाबांना सगळं सांगितलं. पाणी साधंच, त्यातला वायू ढेकरेवाटे निघून जातो, चूक माझी, डॉक्टरकडे चला.  त्यांनी उशाखालून पेपरचं कात्रण काढलं, सरांच्या निबंधाची बातमी.
"हितं सायबांचं नाव हाय. तुझं न्हाई. म्हनून मोडता घालतीस व्हय, बाय?"
रागानं नाही, समजूत घालावी तसं म्हणाले. मला रडू आलं, तेही त्यांना त्याचंच वाटलं असणार.
निघताना म्हणाले, "येतो दवाखान्यात. पन आधी दोन बाटल्या आन. वाटंत पायात बळ पायजे."

१२ फेब्रु., शुक्र.
सोमवारी डॉक्टरांनी बोलावलंय. उद्या सकाळच्या एसटीनं बाबांना आणायला जायचं. दोन बाटल्या धुऊन टेबलावर ठेवल्यात. सिलिंडरची किल्ली माझ्याकडेच असते. नळाचं भरलं तरी त्यांना कळणार नाही. पाणी नेलं नाही तर ते येणार नाहीत. नेलं तर मी सांगितलेलं सगळं खोटं ठरेल, आणि पुढच्या रविवारी आणखी दोन बाटल्या.
कॉलेज बंद व्हायची वेळ झाली. शिपाई दोनदा डोकावून गेला. बाटल्या अजून रिकाम्याच आहेत.