उजवीकडचा काठ

अण्णा,

आज माझ्या वेबसाइटचं रूप बदलायला बसले होते. समोर शेकड्यांनी तयार नमुने, आणि मी तासभर नुसती बघतेय, एकही पसंत पडत नाही. तेव्हा तुमची फार आठवण आली. बंगळूरला चिकपेटच्या दुकानात गादीवर बसून तुम्ही आयुष्यभर साड्या दाखवल्यात. गिऱ्हाईक तोंडाने काय म्हणतं ते सोडून द्यायचं, त्याचा हात पुन्हा पुन्हा कुठल्या साडीकडे जातो ते बघायचं, ही तुमची विद्या. आणि एखादी साडी खरंच मनाला आली की तुम्ही कानडीतला एकच शब्द बोलायचात, "सरी", म्हणजे ठीक, पसंत. आई म्हणायची, तिला पाहायला आलात तेव्हासुद्धा तो शब्द तुमच्या तोंडून निघाला नव्हता.

मला तो हवा होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागले, तेव्हा तुम्ही शेजारच्या बाईंना सांगायचात, "पोरगी दिवसभर काय करते, अक्का, हातात घेऊन बघता येत नाही." थट्टाच ती, पण मला लागायची. म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी इंटरनेटवर स्वतःचं एक पान करायला घेतलं, आईच्या हातच्या पदार्थांचं. अक्षरांच्या मागे कसलं चित्र लावायचं तेच ठरेना. चांदण्यांचं आकाश लावलं, तर अक्षरं दिसेनात. संगमरवर लावला, तर बँकेत आल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी तुमचीच विद्या कामी आली. माझा हात सारखा एकाच नमुन्याकडे जात होता: पांढरं पान आणि डाव्या कडेला मोरपंखी पट्टा.

रविवारी तुम्हाला कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये नेलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात, चपला दाराबाहेर काढल्यात. पान सावकाश उतरतंय आणि माझा जीव टांगणीला. तिथला पडदा माझ्या ऑफिसातल्यापेक्षा रुंद निघाला. मागचं चित्र मी माझ्या पडद्याच्या मापाचं घेतलं होतं. इथे जागा उरली, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि मोरपंखी पट्टा उजव्या कडेलाही उमटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र पुढे वाकलात.

"स्वल्प थांब, बंद करू नको," म्हणालात आणि काचेवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत बोट फिरवलंत. "दोन्हीकडे काठ. मला वाटलं, तुम्ही कंप्युटरवाले एकच काठ लावून मोकळे होणार. मुद्दाम केलंस?"

"हो," मी म्हटलं.

"सरी."

घरी येईपर्यंत मी जमिनीवर नव्हते. तुम्ही आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलंत, पोरीला काठाचं कळतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाने मला सांगितलं, मागचं चित्र रुंद कर, म्हणजे पट्टा दुसऱ्यांदा उमटणार नाही, पाच मिनिटांचं काम आहे. मी "करते" म्हटलं आणि केलं नाही. तुम्ही गेल्यावरही त्या पानाची किती रूपं झाली, पण काठ दोन्हीकडे राहिले. आजही तेच ठेवले आणि सुखाने चहा करून घेतला. हे पत्र आता तुमच्या शर्टांच्या घडीत ठेवून देईन. एवढंच सांगायचं राहिलं होतं, अण्णा. तो उजवीकडचा काठ मी मुद्दाम लावला नव्हता, चूक होती. तेव्हाच सांगितलं असतं, पण मग तुमचं "सरी" परत करावं लागलं असतं.