फसली तारखा

प्रिय रंजीता,

त्या सकाळी अंगण झाडून झालं होतं, चुलीपाशी कपाशीच्या पऱ्हाट्या मोडून ठेवल्या होत्या आणि मी भाकरी थापत होते. हर्षदीप उंबऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. तुम्ही दोघांनी बनवलेल्या कॉम्प्युटरच्या पॅकेजचं पहिलं पान लिहीत होता. त्यानं मोठ्यानं वाचलं, ‘फसली तारखा सरळ करून देणारं पॅकेज.’ मग आपणच हसला. म्हणाला, “आई, रंजीता पुण्याची. तिले फसली म्हंजे फसलेली वाटते.” मी म्हटलं, “मंग तिलेच फसवून राह्यला का तू?” हसण्याहसण्यात ते वाक्य तसंच राहिलं. इकडे आमच्या बेला गावात फसली म्हणजे निजामाच्या वेळचं, नेहमीच्या सालाहून पाचशे नव्वद वर्षं मागे चालणारं महसुली साल, हे कोणाला सांगावं लागत नाही. जमिनीच्या जुन्या कागदांवर तेच असतं.

त्याच महिन्यात नेरडीगोंड्याजवळ हायवेवर अपघातात तो गेला.

त्याचा फोन माझ्याजवळ आहे. मी तो रोज चार्ज करत आले. पानाच्या शेवटी त्यानं लिहिलंय, ‘काही अडलं तर मला लिहा, मी इथेच आहे.’ म्हणून लोक लिहितात. मी आदिलाबादेत दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली बाई, मला त्यातलं थोडंच कळतं. पण फोन वाजला की बरं वाटायचं. कोणीतरी त्याला विचारतंय ना.

मागच्या आठवड्यात एका माणसाचा मराठीत मेसेज आला. त्यानं फसली म्हणजे चुकलेल्या तारखा धरलं आणि आपल्या शाळेतल्या पोरांच्या जन्मतारखा त्यात घातल्या. सगळ्या पाचशे नव्वद वर्षं पुढं गेल्या. आधीही दोनदा लिहिलं होतं म्हणे. शेवटी लिहिलं, ‘उत्तर द्यायला जिवंत तरी आहात का?’ मी फोन उपडा ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले.

रविवारी तुझा फोन आला. पॅकेज वापरणारे सगळे ‘पान बदला’ म्हणतात, पण त्याच्या शब्दांना हात लावायला तुझा जीव धजत नाही, म्हणून मला विचारलंस. मी फोन ठेवून दिला. राग नव्हता गं. नीट विचार करून सांगायचं होतं, म्हणून हे पत्र.

पान बदल. दुकानाच्या पाटीवर आत काय मिळतं ते आधी असतं, मालकाचं नाव खाली. तसं फसली म्हणजे काय, हे कोणाच्या कामाचं आणि कोणाच्या नाही, ते सगळ्यात वर लिही. ‘मी इथेच आहे’ ही ओळ काढ. तिथे तुझं नाव टाक. त्याचं नाव कुठे ठेवायचं ते तू ठरव, मला विचारू नको. तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी त्याचा फोन बंद केला, चार्जरची वायर गुंडाळली आणि दोन्ही त्याच्या कपड्यांत ठेवून दिली.

तुझीच,
चंपाबाई