तुमच्या ओळखीच्या त्या मुलीसाठी

तीर्थस्वरूप वन्संना,

चष्मा लावल्याशिवाय वाचताच येणार नाही अशा बारीक अक्षरात साष्टांग नमस्कार. (घरात कोरा कागद एवढाच उरला आहे आणि सांगायचं पुष्कळ आहे.) इकडे आम्ही ठीक. तुमच्या भावाचा खोकला गेला, पण खोकल्याचे लाड करून घ्यायची सवय काही गेलेली नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली नुसतीच खिडकीत उभी करून ठेवली आहे?

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या ओळखीची एक मुलगी आहे, तिची दोन वर्षं दुसऱ्या कॉलेजात झालेली आहेत, तिसऱ्या वर्षाला ती आमच्या विद्यापीठात बदली घेऊ पाहते आहे, तेव्हा इथला रोजचा दिवस कसा असतो ते काहीही न लपवता कळवावं, असं तुम्ही लिहिलंत. योग्य ठिकाणी विचारलंत. मीही अशीच मधूनच आलेली. (दोन वर्षं लग्नाआधीची, मग मध्ये हा एवढा संसार, आणि आता तिसरं वर्ष.) मुलीचे प्रश्नही पोचले. वर्गापर्यंत जिने किती, दुपारी जरा पाठ टेकायला जागा आहे का, मागच्या बाकावरून फळा दिसतो का, आणि मुलं हसतात का. हल्लीच्या मुली फारच दूरचा विचार करतात, वन्सं. माझ्या लेकीने प्रवेश घेताना वायफाय आहे का एवढंच विचारलं होतं.

तर तिला सांगा, विद्यापीठ अवाढव्य आहे. माझ्या जुन्या कॉलेजात शिपाई दारातूनच हाक मारायचा आणि ती शेवटच्या वर्गापर्यंत पोचायची, तसलं इथे काही नाही. इथे एका इमारतीतून दुसरीत जायला बस आहे, आणि ती नेहमी आपण धावायला लागल्यावर सुटते. पहिल्या दिवशी मी नकाशा उलटा धरून निघाले आणि अर्थशास्त्राच्या वर्गाऐवजी कीटकशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले, तेही रांगेच्या अगदी मधोमध. दिवे मालवले, समोरच्या पडद्यावर बैलाएवढं झुरळ आलं, तेव्हा माझी चूक मला कळली. पण उठायचं म्हणजे अख्खी रांग उठवायची! मग बसले. हात रिकामा बरा वाटत नाही म्हणून टिपणंही काढली. प्राध्यापक सारखे माझ्याकडेच बघत होते. तास संपल्यावर जवळ येऊन त्यांनी अदबीने विचारलं की कसं वाटलं. आता आपल्याला खोटं बोलवत नाही. मी म्हटलं, सुरुवात छान झाली, पण मध्ये तुम्ही पडद्याशीच बोलत होता आणि मागची मुलं वेफर्स खात होती. त्यांनी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच गेले. (मला येत होता तो रस्ता एवढाच.) तर काय, प्राध्यापक आमच्याकडे तोंड करून खणखणीत शिकवतायत आणि मागे वेफर्सचा कागदसुद्धा वाजत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि हळूच विचारलं की समितीचा अहवाल कधी लागेल. तेव्हा उलगडा झाला. शिक्षक कसे शिकवतात ते पाहायला विद्यापीठाने पाठवलेली तपासनीस म्हणजे मी, अशी त्यांची समजूत होती. माझी तर पाचावर धारण बसली. मी विद्यार्थिनी आहे आणि वाट चुकले आहे, एवढं कसंबसं सांगितलं. ते पोट धरून हसले, आणि मला माझ्या इमारतीच्या दारापर्यंत स्वतः सोडून गेले. (झुरळांविषयी काही अडलं तर निःसंकोच विचारा.)

माझ्या खऱ्या वर्गात मात्र माझं स्वागत वेगळंच झालं. मी आत शिरले तशी दीडशे पोरं गप्प झाली आणि पहिल्या बाकावरच्यांनी वह्या उघडल्या. त्यांना वाटलं, बाईच शिकवायला आल्या. मी जाऊन त्यांच्यात बसले तेव्हा हसली. हो, हसली, मुलीपासून लपवू नका. पुढे महिनाभर मी दुपारचा डबा जिन्यात बसून खाल्ला, आणि एकदा तर तिथे बसून चक्क रडले. या वयात हे काय खूळ डोक्यात घेतलं, असं वाटलं. मग डोळे पुसले, डबा उचलला आणि कँटीनच्या मधल्या टेबलावर जाऊन बसले. जिन्यात खायचं तर घरी काय वाईट होतं?

त्या टेबलावर मला माझा गट मिळाला. इथे प्रत्येक विषयात गटाने काम करायचं असतं, म्हणजे एकाने करायचं आणि बाकीच्यांनी नावं घालायची. माझ्या गटात एक आहे त्याला मी 'उद्या' म्हणते, कारण काहीही विचारलं तरी तो तेवढंच म्हणतो. दुसरी 'हेडफोन'. तिला काही सांगायचं तर आधी दंडाला हात लावावा लागतो. दोघांना समोर बसवून मी स्पष्ट बजावलं की फोनवर काम होत नसतं, रोज दुपारी याच टेबलावर भेटायचं, न येणाऱ्याचं नाव मी स्वतः खोडीन. आता येतात. मला काकू म्हणतात आणि माझ्या डब्यातलं न विचारता खातात. आमचं काम वर्गात दुसरं आलं. (पहिलं येणाऱ्यांच्या गटात 'उद्या' नव्हता.)

बदली घेऊ पाहणाऱ्यांना इथे एक दिवस बोलावून सगळं दाखवतात. माहिती द्यायला मीही गेले होते, तर दारातल्या मुलाने माझ्या गळ्यात 'पालक' अशी चिठ्ठी अडकवली. मी पेन काढून ते खोडलं आणि 'विद्यार्थिनी' असं ठसठशीत लिहिलं. एका आईने विचारलंच, तुमचं मूल यातलं कोणतं? मी म्हटलं, मीच. त्या हसल्या नाहीत, वन्सं. बाजूला घेऊन बारीक आवाजात वयाची अट विचारायला लागल्या. अट नाही, हेही मुलीला सांगा. लिफ्ट आहे. वाचनालयात मऊ खुर्च्या आहेत, आणि दुपारी तिथे निम्मं विद्यापीठ पाठ टेकून झोपलेलं असतं. माझा अभ्यास उत्तम चालला आहे.

मुलीने दोन वर्षांवर कॉलेज का सोडलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. लिहायची गरज नाही. आई गेली, धाकट्या भावाला वाढवायचं होतं, आणि मग तुझं शिक्षण कुठवर आलं होतं असं तिला कधी कोणी विचारलंच नाही. मीही या घरात येऊन इतकी वर्षं झाली, कधी विचारलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. जुन्या गुणपत्रिका लागतील. त्या मुलीच्या कपाटात, साड्यांखाली नीट ठेवलेल्या असणार याची मला खात्री आहे.

आणखी एक ता. क. तुमच्या भावाने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. ही मुलगी कोण असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघताच बाह्या सरसावल्या. आता खालच्या खोलीतलं आपलं टेबल ओढत वरच्या मजल्यावर नेतो आहे. कोणाच्या तरी गुडघ्यांना जिना नको म्हणतो. मी मदतीला गेले तर मला जवळ येऊ देत नाही.

शेवटचं ता. क. अभ्यास उत्तम चालला आहे असं वर लिहिलंय, ते खोडायला कागदावर जागा नाही. संख्याशास्त्रात मी सपशेल नापास झाले. सोडणार नाही, पुढच्या सत्रात पुन्हा बसणार, आणि पास होईपर्यंत बसत राहणार. पण मला ते डोक्यात शिरत नाही. तुमच्या भावाला, माझ्या दोन्ही मुलांना आणि तुमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना गणितात तुम्ही पार केलंत. त्या मुलीला यायचं नसेल तर राहू दे. तुम्ही या.