काळ्या दगडावरची रेषा

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आता वाकतो, असं वहिनीनं कळवलं. आनंद झाला, माझ्या माहेरात आजवर दुसरं काहीच वाकलेलं नाही. औषध वेळेवर घे आणि वहिनीशी वाद घालू नकोस. (वादानं काय होतं ते पुढे वाच.)

रविवारी लेकीचं लग्न पक्कं करायला मुलगा आणि त्याचे आईवडील आले होते. मुलगा सरळ, दोघांचं आधीच जमलेलं. आपण थोरांनी नुसती मान डोलवायची होती. मुलाचे वडील रस्त्यांवर पांढरे पट्टे आखणाऱ्या टोळीचे मुकादम. माणूस लाखात एक. आल्यापासून मला "विहीणबाई" म्हणत होते. चहा घेता घेता म्हणाले, "इथून धरणापर्यंत सरळ रेषा आहे ना, ती माझी!" आता दादा, तू जन्मभर कॉलेजात भूमिती शिकवलीस, मी तुझ्याच हाताखाली पदवी घेतली, मी गप्प बसायचं? मी म्हटलं, रेषा नव्हे, रेषाखंड. रेषेला टोकं नसतात, रुंदीही नसते. "रुंदी नसती तर ट्रकवाल्यांना दिसली असती का?" त्यांनी विचारलं. (प्रश्न बिनतोड होता, पण मीही काही कच्ची नाही.) मी सांगितलं, दिसते ती रेषाच नव्हे, ती नुसती खूण. "म्हणजे मी उभ्या जन्मात एकही रेषा काढली नाही?" "तुम्हीच काय, कोणीच नाही." मला वाटलं, यानं त्यांचं समाधान होईल. झालं नाही. विहीणबाईची नुसती "बाई" झाले.

मग आमचे हे सारवासारव करायला धावले. (यांनी सारवलं की जमीन उखडते, हे तुला ठाऊक आहेच.) म्हणाले, "अहो, रेषा नको तर राहू दे, रेघोट्या म्हणू!" रेघोट्या! मुकादमांनी कप खाली ठेवला. त्यांच्या बायकोनं पर्स उचलली. मुलगा बुटांच्या नाड्या बघत बसला आणि लेक स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे अशी बघायला लागली, की तिच्या जन्मापासून आजवर मी कोणाच्या नजरेला इतकी घाबरले नव्हते. मुकादम उठले. "मी शब्द द्यायला आलो होतो. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण या घरात रेघेला किंमत नाही."

तेवढ्यात मला सापडलं. मी जवळजवळ ओरडलेच, "रेघच! काळ्या दगडावरची रेषा असं कोणी कधी म्हटलंय का? रेषा असते डोक्यात, तिच्यावर कोण भरवसा ठेवणार? शब्द पाळायला रेघच लागते. आणि डांबरासारख्या काळ्याकुट्ट दगडावर ती ओढणारे तुम्ही, तुमच्याहून पक्का शब्द आम्हाला कुठे मिळणार?" मुकादम इतके मोठ्यानं हसले की पर्स आपोआप खाली आली. "म्हणजे ही म्हण आमच्या टोळीचीच की हो, विहीणबाई!" तारीख ठरली. पुन्हा चहा झाला. लेक मला आल्यागेल्यासमोर बिलगत नाही, ती बिलगली.

बाकी क्षेम. वहिनीस नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासूनच केली, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. निघताना मुकादम म्हणाले, "विहीणबाई, मी पट्टा आखत आखत अख्ख्या पृथ्वीला फेरी मारून आलो, तर टोकं उरणारच नाहीत. मग तरी ती रेषा?" माझ्या ओठांवर "वर्तुळ" आलं होतं, लेकीनं माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, दादाला विचारा. ते येत्या रविवारी तुझ्याकडे येताहेत. "रेषा" म्हण. तो दुसरा शब्द तोंडातून काढू नकोस, लग्न होईपर्यंत तरी.

ता. क. दुसरा. हे पत्र लेकीनं वाचलं. म्हणते, "आई, मामाला खोटं बोलायला लावतेस?" मी म्हटलं, खोटं कसलं गं? सत्याचाच रेषाखंड आहे. मामानं फक्त टोकाशी थांबायचं.