उष्टावणाचं केळं

रनाळे, माघ वद्य पंचमी. दिवेलागण.

आज तिसऱ्यांदा केळं कुस्करलं. कालही, परवाही हेच. दुधात कालवायचं, मलमलीतून गाळायचं, वाटी झाकून भाऊची वाट पाहायची, आणि काळं पडलं की मीच खाऊन टाकायचं. बाळाला पहिला घास मामानंच चारायचा, हा सासूबाईंचा नेम. आणि मामा तिकडे सुरतेच्या गिरणीत.

"नक्की येतो" असं त्यानंच लिहिलं होतं ना? मग? आज सहावा महिना संपतो. सातव्यात मुलाचं उष्टावण करत नाहीत, मुलाला सम महिनाच लागतो. म्हणजे आणखी महिनाभर हे लेकरू माझ्या ताटाकडे बघत नुसतं तोंड हलवणार. पण खरं लिहू? मला घासाची घाई नव्हतीच. मला भाऊ हवा होता. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तो एकटा.

स्टेशनावरून येणारी शेवटची बैलगाडी दारावरून पुढे गेली. वाटीतलं केळं पुन्हा काळं पडायला लागलं होतं. मी ती उचलणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "भाऊ उना नई ते काय व्हयनं? तू बी त्याच मायनं दूध पियेल शे. चार तूच."

मी बोटावर घास घेऊन बाळाच्या ओठांशी नेला. बाळानं अर्धं थुंकलं, अर्धं गिळलं आणि पुन्हा आ केला. सासूबाई हसल्या. मी मात्र दाराकडे का पाहिलं?

वाटीत एक घास ठेवलाय, भाऊच्या हातचा म्हणून. काळा पडेल. पडू दे.